सासूबाईंचा समुद्र वेगळा, मुलांचा वेगळा

पत्र : आम्ही नांदेडचे. नाताळच्या सुट्टीत मुंबईला कांदिवलीत दिरांकडे जातोय. त्यातले दोन दिवस समुद्रासाठी ठेवलेत. मी, हे, अकरा वर्षांची मुलगी, सहा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. सासूबाईंचं वय बहात्तर, गुडघे धरलेले. त्यांनी समुद्र कधीच पाहिलेला नाही. त्यांची इच्छा एवढीच, की समुद्राला नारळ द्यावा आणि पाण्यात पाय बुडवावेत. मुलांना डुंबायचंय. ह्यांना जुहूच बघायचंय. दीर म्हणतात, कशाला लांब जाता, अक्सा जवळ आहे, आम्ही नेहमी जातो. ऑफिसमधले अलिबाग सांगतात. कुठला किनारा निवडावा? आणि दिरांना न दुखावता नाही कसं म्हणावं?
— एक वाचक, नांदेड

नमस्कार ताई,

उत्तर आधी सांगते, कारणं मागाहून. सगळ्यांचं सगळं एकाच किनाऱ्यावर उरकायला जाऊ नका. एक संध्याकाळ जुहूला घालवा. ती बघायची, फिरायची आणि खायची. दुसऱ्या दिवशी पहाटे निघून पालघर जिल्ह्यातलं केळवं गाठा. सासूबाईंचा नारळ आणि मुलांचं पाणी दोन्ही तिथे होऊ द्या. अक्साला पाण्यात उतरायचं नाही, यात मात्र कुणाच्याही भिडेला बळी पडू नका.

तुम्ही नांदेडच्या, म्हणजे गोदावरीच्या घाटावर वाढलेली माणसं. पाण्याची तुम्हाला ओळख आहे आणि समुद्रावर धोका होतो तो याच ओळखीमुळे. नदीचं पाणी एकाच दिशेला वाहतं, घाटाच्या पायऱ्या ठाऊक असतात, कुठे डोह आहे ते गावातलं पोर सांगतं. समुद्राचं पाणी साधारण सहा-सव्वासहा तासांनी दिशा बदलतं. काल जिथे गुडघाभर पाणी होतं तिथे आज खड्डा असू शकतो, कारण तळाची वाळूच हलते. मुंबईत बुडणाऱ्यांत पोहता येणारी तरुण मुलंही असतात. म्हणून ‘कुठला किनारा’ याच्या जोडीला ‘किती वाजता’ हा प्रश्न धरायचा. मुंबईकरसुद्धा तो क्वचित विचारतात.

वेळ काढायची एक जुनी रीत किनाऱ्यावरच्या लोकांकडे आहे, ती तुम्हाला घरच्या कालनिर्णयावरून नांदेडात बसून जमेल. त्या दिवसाची तिथी घ्या, शुक्ल पक्षातली असो की कृष्ण पक्षातली, आणि तिची पाऊणपट करा. जो आकडा येईल त्या सुमाराला भरती. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनला आणि पहाटे तीनच्या आसपास भरती. त्याच्या सहा तास आधी-नंतर ओहोटी, म्हणजे सकाळी नऊ आणि रात्री नऊ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा : सकाळ-संध्याकाळ सहाला भरती, दुपारी बाराला ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी मोबाइलवर त्या ठिकाणचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून खात्री करा. पण दिवस कुठला धरायचा हे ठरवायला ही रीत पुरेशी आहे.

पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं. मुंबईच्या किनाऱ्यावर तेव्हा ओहोटी आणि भरती यांच्या पातळीत चार-पाच मीटरचा फरक पडतो. एवढं पाणी सहा तासांत आत-बाहेर करायचं म्हटल्यावर त्याला ओढ असणारच. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाण्याची ये-जा कमी, ओढही कमी. मुलांना घेऊन उतरायचं तर भांगाकडचा दिवस बरा. आणि कुठल्याही दिवशी, पाणी चढत असताना उतरायचं, उतरत्या पाण्यात नाही. ओहोटीचं पाणी माणसाला आत नेतं.

तुमच्या सासूबाईंसाठी तर चढतं पाणी आणखी एका कारणाने हवं. केळव्यासारख्या सपाट किनाऱ्यावर ओहोटीला समुद्र पार लांब जातो. पाण्यापर्यंत पोहोचायला ओल्या वाळूवरून बरंच चालावं लागतं आणि तेवढंच परत यावं लागतं. गुडघे धरलेल्या बाईला ते जड जाईल. तुम्ही भरतीच्या तीनेक तास आधी पोहोचलात, त्यांना सुरूच्या सावलीत खुर्चीवर बसवलंत, की पाणी आपोआप जवळ येत राहील. ते पुरेसं जवळ आलं की मग त्यांना हाताला धरून न्या. कोरड्या वाळूत पाय रुततो आणि गुडघ्याला पीळ बसतो, म्हणून तेवढा पट्टा सावकाश पार करा. ओली, घट्ट वाळू लागली की चालणं सोपं होतं. घडीची एक हलकी खुर्ची आणि काठी बरोबर असू द्या. काठीच्या टोकाला रबर असतं तरी ती वाळूत रुतते, त्यामुळे भरवसा माणसाच्या हाताचा.

हे सगळं धरून पाहिलं तर द्वितीया ते पंचमी यांतला दिवस तुम्हाला सगळ्यात सोयीचा; त्यातही उधाणापासून लांब, पंचमीकडचा बरा. सकाळी साडेसात ते पावणेदहाच्या दरम्यान ओहोटी संपते आणि दीड ते पावणेचारच्या दरम्यान भरती लागते. म्हणजे दहापासून दुपारपर्यंतचं सगळं पाणी चढतं. हा योग सुट्टीत बसत नसेल तर अष्टमी-नवमीला दुपारी उतरा. तोही नसेल तर मुलांचं डुंबणं घोट्यापर्यंतच ठेवा आणि किल्ले बांधायला फावडी-बादली द्या, सहा वर्षांचं मूल तेवढ्यावरही खूश असतं. शनिवार-रविवार, पंचवीस डिसेंबर आणि एकतीस डिसेंबर मात्र टाळाच.

आता जुहू. तुमच्या यजमानांची इच्छा मोडू नका. मोठा किनारा, पश्चिमेला मोकळं आकाश, डिसेंबरअखेर सहाच्या सुमाराला सूर्यास्त, आणि मागे भेळ-पाणीपुरी-गोळ्याची रांग. समुद्र पहिल्यांदा पाहणाऱ्या माणसाला जुहूची गर्दीसुद्धा आवडते, त्यात मजा असते. पण तिथलं पाणी अंगावर घ्यायचं नाही. शहरातले नाले आणि सांडपाणी शेवटी याच समुद्रात येतं. अंघोळीयोग्य समुद्राच्या पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाण असं, की १०० मिलिलिटर पाण्यात मलजन्य कोलिफॉर्म जिवाणू १०० च्या आत असावेत. मुंबई शहराच्या चौपाट्यांवर ते अनेकदा ओलांडलेलं असतं. म्हणून सासूबाईंनी ओंजळभर पाणी घेऊन डोळ्यांना, ओठांना लावायचं ते जुहूला नाही. पाय ओले झाले तर घाबरायचं कारण नाही, पायाला जखम-भेगा असतील तर तेही नको; घरी येऊन साबणाने धुवा.

जायचं कसं? कांदिवलीहून लोकलने विलेपार्ले गाठून पुढे रिक्षा, असं दीर सांगतील. मी सांगेन, मेट्रोने जा. कांदिवली पश्चिमेचं मेट्रो स्टेशन आणि अंधेरी पश्चिम एकाच मार्गावर आहेत, स्टेशनांवर लिफ्ट आहे, सरकते जिने आहेत. लोकलच्या पुलाचे जिने चढण्यात सासूबाईंचे गुडघे जुहूला पोहोचायच्या आतच संपतील. अंधेरी पश्चिमला उतरून जुहू चौपाटीपर्यंत रिक्षा करा. चारला निघा, पाचपर्यंत वाळूवर असा. परतीला संध्याकाळची गर्दी लागेल, पण मेट्रोत ती लोकलइतकी अंगावर येत नाही. गर्दीत मुलांच्या खिशात तुमचा आणि दिरांचा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा, आणि पोचल्याबरोबर एक खूण ठरवा : हरवलो तर अमुक स्टॉलपाशी उभं राहायचं.

गिरगाव चौपाटीचं तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्यात कुणाला लोकमान्यांच्या पुतळ्याचं दर्शन घ्यायचं असेल, तर ती जागा तीच. १९२० साली टिळकांना तिथेच अग्नी दिला. मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसलं की वाळूत न उतरता समुद्र दिसतो, ही गुडघेदुखीच्या माणसासाठी मोठी सोय. पण कांदिवलीहून ते दुसरं टोक आहे, परतीची लोकल ऐन गर्दीत सापडते आणि त्या भागात रिक्षा चालत नाहीत, टॅक्सीच करावी लागते. दोनच दिवस आहेत, तर मी हे वगळलं असतं.

अक्साबद्दल मात्र मला थांबून बोलायचंय. मालाडच्या पश्चिमेला मढ-मार्वेच्या बाजूचा हा किनारा दिसायला सुरेख आहे. लांब, मोकळा, जुहूपेक्षा शांत. लोकांना वाटतं, इथे पाणी चांगलं, गर्दी कमी, इथेच पोहू. आणि वर्षानुवर्षं मुंबईत बुडण्याच्या बातम्यांत अक्साचं नाव येत राहिलं आहे. तळाची वाळू सरकते, मध्येच खोलगट भाग तयार होतात, पाण्याला आतली ओढ आहे. तिथे इशाऱ्याचे फलक आहेत, जीवरक्षक आहेत, ते शिट्ट्या मारून लोकांना बाहेर काढतात, आणि लोक ते दुसरीकडे वळले की पुन्हा उतरतात. दीर ‘नेहमी जातो’ म्हणतात ते खरं असेल आणि त्यांना काही झालं नाही हेही खरं. पण दरवेळी ती वेळ, ते पाणी, ती वाळू वेगळी होती. सहा वर्षांच्या मुलाला घेऊन आपण त्या भरवशावर जायचं नाही. वाळूवरून बघायला, सूर्यास्त बघायला अक्साला जरूर जावं.

केळव्याला जायचं तर गाडी ठरवा. रेल्वेनेही जाता येतं. विरारच्या पुढे डहाणूच्या लोकल केळवे रोडला थांबतात, पण त्या मोजक्या, स्टेशन किनाऱ्यापासून काही किलोमीटर लांब, आणि परतीची एक गाडी चुकली की म्हाताऱ्या माणसाला फलाटावर ताटकळावं लागतं. गाडीने मोकळ्या रस्त्याला दोन-अडीच तास. घोडबंदरजवळ खाडीवर जो वर्सोवा पूल आहे, तिथे कोंडी झाली की तास-दीड तास तिथेच जातो, म्हणून सहाला कांदिवली सोडायची. सकाळी लवकर निघण्याबद्दल घरात कुरकुर होईल, होऊ द्या.

केळव्याला किनाऱ्यालगत सुरूची बाग आहे, सावली आहे, आणि जवळच शीतलादेवीचं देऊळ. तुमच्या सासूबाईंच्या दृष्टीने याहून चांगली जागा मला सुचत नाही. आधी देवीची ओटी भरू द्या. मग समुद्राला नारळ. नारळ, फूल, हळदकुंकू एवढंच पाण्यात जावं. पिशवी, ब्लाउजपीस, कापराची डबी, निर्माल्य बांधलेला कागद हे सगळं परत आणा. नारळ लाट परत आणून टाकते, ते अशुभ वगैरे काही नाही, लाटेचं कामच ते. हे त्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर उगाच मनाला लावून घेतील. पाण्यात उभं राहताना तोंड समुद्राकडे आणि एक पाय जरा पुढे, दोन्ही बाजूंनी एकेक माणूस. लाट परत जाताना पायाखालची वाळू सरकते आणि चक्कर आल्यासारखं वाटतं. त्या क्षणी खाली पायांकडे बघितलं तर तोल जातो, म्हणून ‘आई, समोर बघा’ असं सांगत राहा. ओलं झालेलं लुगडं किंवा साडी पायात अडकते आणि फार जड होते. दुसरी साडी, टॉवेल आणि रबरी तळाची चप्पल गाडीत ठेवा.

मुलांसाठी नियम थोडे आणि पक्के. पाणी धाकट्याच्या गुडघ्यापर्यंत, थोरलीच्या मांडीपर्यंत, त्यापुढे नाही. केळव्यालाही माणसं बुडाली आहेत, ‘उथळ आहे’ म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. तुमच्यापैकी एका मोठ्या माणसाच्या हातात त्या वेळात मोबाइल नसावा, फोटोसुद्धा त्याने काढायचे नाहीत, त्याने फक्त मुलांकडे बघायचं. अर्ध्या तासाने पाळी बदला. गाडीच्या ट्यूबवर किंवा हवा भरलेल्या खेळण्यावर मूल बसवून सोडू नका, वाऱ्याने ते बघता बघता आत जातं.

थोरलीला एक गोष्ट दाखवून ठेवा, ती अकरा वर्षांची आहे, तिला कळेल. किनाऱ्यावर उभं राहून लाटांच्या रांगेकडे पाच मिनिटं नुसतं बघायचं. बहुतेक ठिकाणी लाटा पांढऱ्या फुटत येतील. मध्येच एखादा पट्टा असा दिसतो की तिथे लाट फुटतच नाही, पाणी जरा गढूळ, शांत, आणि फेस किंवा काडीकचरा उलटा समुद्राकडे सरकताना दिसतो. नवख्याला वाटतं, इथे लाटा नाहीत, इथे उतरू. आणि किनाऱ्याला आलेलं पाणी परत आत जाण्याची वाट नेमकी तीच असते. त्या पट्ट्यापासून लांब राहायचं. कुणी सापडलंच तर उलट किनाऱ्याकडे हातपाय मारत दमायचं नाही. अंग सैल सोडून तरंगायचं, हात वर करून ओरडायचं, आणि ओढ सैलावली की किनाऱ्याला समांतर सरकत बाहेर यायचं. काठावरच्यांनी एकामागून एक पाण्यात उड्या घ्यायच्या नाहीत. एकाला वाचवायला गेलेले दोघेतिघे जातात, असं वारंवार घडलंय. दोरी, रिकामा कॅन, बॉल, जे तरंगेल ते फेका आणि जीवरक्षकाला, कोळ्याला, स्टॉलवाल्याला हाक मारा.

अलिबागचं म्हणाल, तर ते छानच आहे, पण एक रात्र मुक्काम असेल तर. गेटवेहून मांडव्याची बोट घ्यायची तर धक्क्याच्या पायऱ्या आणि हलत्या बोटीत पाऊल टाकणं सासूबाईंना अवघड जाईल. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो आहे, तिच्यात गाडीसकट चढता येतं, ती त्यांना सोयीची. पण कांदिवलीहून भाऊचा धक्का गाठणं हाच एक प्रवास आहे. पुढच्या खेपेला जमवलंत तर आक्षी किंवा नागावला राहा, काशीदला पाण्यात शिरू नका, तिथल्या लाटेला जोर आहे. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं, पण परत फिरायची वेळ घड्याळ लावून ठरवा, नाहीतर पाणी चढून माणसं अडकतात. आणि कधी पावसाळ्यात यायचं ठरलं, तर पाण्यात उतरायचा विचारच सोडून द्या. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, आणि परंपरेने कोळी नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन मगच होडी लोटतात.

राहिले दीर. त्यांना ‘अक्सा धोक्याचं आहे’ असं फोनवर सुनावलंत तर वाद होईल, कारण ते आपल्या घराजवळच्या जागेचं कौतुक करतायत आणि तुमच्या येण्याने खूश आहेत. हे बोलणं तुम्ही करू नका, यजमानांना करू द्या, भावाभावांत ते सोपं जातं. विषय आईंच्या इच्छेपासून काढायचा : “आईला देवीची ओटी भरून मग समुद्राला नारळ द्यायचाय, केळव्याला शीतलादेवीचं देऊळ किनाऱ्यालाच आहे, तूच गाडी ठरव आणि वहिनींना घेऊन तूही चल.” गाडी, वेळ, वाटेतला नाश्ता सगळं त्यांच्यावर सोपवा. मुंबईत राहणाऱ्या माणसाला पाहुण्यांसाठी काहीतरी करायचं असतं, ते करायला मिळालं की अक्साचा हट्ट राहणार नाही. तरी त्यांनी म्हटलंच की संध्याकाळी अक्साला चक्कर मारू, तर जा. बसा, चहा प्या, सूर्यास्त बघा. फक्त मुलांचे पोहायचे कपडे त्या दिवशी कांदिवलीलाच ठेवून निघा, म्हणजे आयत्या वेळी कुणी ‘दोन मिनिटं उतरू दे की’ म्हणालं तरी कपडेच नाहीत असं सांगता येईल.